एकशे पन्नासावी हाजिरी

मेंढरं मोजताना त्यांच्या तोंडाकडं बघायचं नाही. मेंढरांभोवतीच्या जाळीची एक फट मोकळी ठेवायची, तिच्याशी बसायचं आणि मागचे पाय तेवढे बघायचे. तोंडं सारखीच असतात. पाय निघून जातात.

*

कलम अकरा. ज्या उमेदवाराची हाजिरी कमी पडते त्यानं शाळा नसलेल्या वस्तीत रोज दोन तास शिकवावं. असा प्रत्येक दिवस एक हाजिरी धरावी. चाळीसपेक्षा जास्त धरू नयेत. गावच्या पाटलाचा लेखी दाखला जोडावा.

*

नारू, म्हणजे पायात वाढणारा दोऱ्यासारखा जंत, ओढायचा नसतो. त्याचं तोंड पायातून बाहेर दिसलं की ते बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर फिरवायचं. घाई केली की तुटतो. आत राहिलेला सडतो.

*

जर्मनीच्या लढाईमुळं कागद मिळेना. हाजिरीची रजिस्टरं हैदराबादहून येत. येतील तेव्हा येत.

*

परभणीहून मनमाडकडं जाणारी गाडी पेडगावला थांबते. तिच्यात कधी न बसलेल्या माणसालाही तिची वेळ पाठ असते, कारण तो रुळांच्या कडेनं चालत असतो.

*

महिन्याच्या तिथ्या तीस. हे कुणाला शिकवावं लागत नाही.

*

मुंजाजी पेडगावच्या शिवारातल्या मेंढरवाल्यांच्या वस्तीवरचा. वय एकवीस. वस्तीतला लिहिता-वाचता येणारा पहिला, आणि सध्या तरी शेवटचा. परभणीत निजाम सरकारचा मास्तरकीचा वर्ग होता, एका वर्षाचा. त्यात त्याला जागा मिळाली होती. वर्गाचे दिवस दोनशे. त्यातले तीन-चतुर्थांश, म्हणजे दीडशे दिवस जो हाजिर, तोच परीक्षेला बसणार. परीक्षा झाली की सनद, सनद मिळाली की कुठल्या तरी गावची शाळा. बावीस वर्षं पूर्ण झालेल्याला वर्गात घेत नसत. म्हणजे दुसरं वर्ष मुंजाजीला नव्हतंच.

आषाढात त्याच्या बापाच्या, सटवाजीच्या, पायाला नारू झाला. एक निघाला, दुसरा निघाला, मग दुसऱ्या पायाला तिसरा. बाप बाजेवर पडला आणि मेंढरांना पाय हवे होते. मुंजाजी गेला. दिवाळी होऊन गेल्यावर परत आला तेव्हा त्याच्या अंगाला लोकरीचा वास होता आणि वर्गातली त्याची बसायची जागा दुसऱ्यानं घेतली होती. तो मागं जाऊन बसला.

चार दिवसांनी दफ्तरात बोलावणं आलं.

दफ्तरात दिनकरराव बसत. ते मुन्शी. वर्गाची सगळी कागदं त्यांच्या हातची. त्यांनीही कधीकाळी याच वर्गात मास्तरकीची परीक्षा दिली होती, पण अक्षर चांगलं निघालं म्हणून त्यांना दफ्तरात ठेवून घेतलं, ते एकोणीस वर्षं झाली तिथंच. त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याची होती.

"बस," ते म्हणाले. "नव्वद गैरहाजिऱ्या आहेत तुझ्या."

"वडलाला नारू झालता, मुन्शीजी."

"मला माहीत आहे. रजिस्टरला नारू होत नाही. आता शेवटपर्यंत एक दिवस न चुकता आलास तरी होतात एकशे दहा. लागतात दीडशे."

मुंजाजीला वाटलं, संपलं. आणि त्याला थोडं बरंही वाटलं. संपलं म्हणजे झोपता येईल.

दिनकररावांनी एक पिवळा छापील कागद काढला आणि बोट ठेवलं. "कलम अकरा. मी इथं आल्यापासून कुणी वापरलं नाही. वापरशील?"

मुंजाजीनं वाचलं. दोनदा वाचलं.

"म्हंजे सकाळी हितं वर्ग बी करायचा, आन् दुपारी तिकडं शिकवायचं बी?"

"हां."

"कितीक दिस?"

"तुला जितके कमी आहेत तितके. आणि कलम देतं तितकेच. चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही." दिनकररावांनी कागद घडी केला. "तुझ्याचसाठी कुणी बसून लिहिल्यासारखं दिसतंय. पण हे तुझ्या आधीचं आहे."

*

वर्ग सकाळी सात ते अकरा. परभणीपासून वस्ती अडीच कोस. अकराला सुटायचं, रुळांच्या कडेनं चालायचं, मेंढरं दुपारी बसतात त्या वेळेला पोचायचं.

कारण मेंढरं बसली तरच पोरं मोकळी. दुपारी चरून झाल्यावर ओढ्याच्या काठाला, बाभळींखाली, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात नाहीतर बसतात. दोन तास. तेवढीच शाळा. फळा नव्हता. राखाडी मातीवर काठीनं लिहायचं. मेंढरं उठली की अक्षरांवरून चालत जायची आणि शाळा सुटायची.

तेरा पोरं. त्यातल्या दोन पोरी. एकाच्या मांडीवर कायम एखादं कोकरू असायचं.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला त्यानं सुरुवात केली. अमावास्येला मेंढरं हलवायची नाहीत, हलवायची ती दुसऱ्या दिवशी, म्हणून वस्तीत सगळी कामं प्रतिपदेपासूनच मोजतात. महिना तीस, वर दहा. पौष शुद्ध दशमीला चाळीस भरणार होते. हे त्यानं एकदाच मनाशी मोजलं आणि पुन्हा मोजलं नाही. पहिल्या आठवड्यानंतर त्याच्यात मोजण्याइतकं काही उरलंच नव्हतं. रोजचे पाच कोस. पहाटे उठून परभणी, दुपारी वस्ती, रात्र वस्तीवर, पुन्हा परभणी. जुम्म्याला वर्गाला सुटी असे, वस्तीला नसे. मेंढरांना शुक्रवार माहीत नाही.

त्याची आत्या कडूबाई, सटवाजीची थोरली बहीण, मेंढरांमागं होती. ती लांबून बघायची.

"काय रं मुंजा, अक्षरं पेरायलास?"

"शिकवायलोय आत्या."

"उगवली तर सांग. मेंढरं घालीन त्यात."

पोरं हसली. तोही हसला असता, पण हसायला तोंड उघडलं की जांभई यायची.

एकदा तो 'क' काढता काढता झोपला. काठी मातीत रुतली आणि 'क'ची शेपटी लांब होत ओढ्यापर्यंत गेली. जाग आली तेव्हा तेरा पोरांनी तेरा 'क' काढले होते, सगळ्यांच्या शेपट्या ओढ्यापर्यंत. त्यानं ते तसेच राहू दिले.

पेडगावचे पाटील दत्तराव दोन वेळा बघायला आले. घोडीवरून उतरले नाहीत. दशमीच्या दिवशी मुंजाजीनं पोरांना गूळ वाटला आणि पाटलांच्या ओट्यावर गेला. पटवारी दौऱ्यावर होता. पाटलांनी स्वतःच बोरू घेतला.

"किती दिस झाले म्हणतूस?"

"चाळीस, पाटील."

"मला त्या सरकारी तारखा जमत न्हाईत बाबा. बहमन का फिहमन. ते पटवारी जाणं. मी तिथी लिव्हतो. तिथीला कोण खोटं म्हणंल?"

'मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून पौष शुद्ध दशमीपर्यंत दररोज दोन तास शिकविले, हे खरे.' खाली शिक्का.

एकादशीला वर्गावरून आला तो सरळ झोपला. दुपारपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. ओढ्याकाठी पोरं थोडा वेळ बसून राहिली, असं कडूबाईनं नंतर सांगितलं.

*

परीक्षा शनिवारी. त्याच्या आधीचा गुरुवार हा वर्गाचा दोनशेवा आणि शेवटचा दिवस. अकराला घंटा झाली. पोरं टोप्या उडवत निघून गेली. मुंजाजी पायरीवर बसला होता. घाईचं काही राहिलं नाही, हे पायांना अजून कळायचं होतं.

"मुंजाजी." दफ्तराच्या दारात दिनकरराव उभे होते. त्यांच्या हातात पंचांग होतं.

मुंजाजीनं आधी पंचांगाकडं बघितलं आणि मग त्यांच्या तोंडाकडं. त्याला काहीतरी निघून जाताना दिसलं.

"आत ये. परीक्षेची यादी करायलो होतो. पाटलाच्या तिथ्या आहेत, मला सरकारी महिने-तारखा लागतात. मांडल्या. बहमनमधले बावीस. इस्फंदारमधले सतरा."

मुंजाजीनं बेरीज केली. मग पुन्हा केली, दुसरीकडून.

"एकोणचाळीस," दिनकरराव म्हणाले.

"एक दिस बी चुकलो न्हाई मी, मुन्शीजी. पोरांस्नी इचारा. आत्याला इचारा."

"तू नाही चुकलास. हे बघ." त्यांनी पंचांग फिरवून त्याच्यासमोर ठेवलं. "मार्गशीर्ष वद्य. ही पंचमी. दुसऱ्या दिवशी सकाळी काय?"

"सप्तमी."

"षष्ठी कुठंय?"

षष्ठी होती. बारीक अक्षरात, क्षय म्हणून. सूर्य उगवल्यानंतर ती सुरू झाली आणि दुसरा सूर्य उगवायच्या आत संपून गेली. तिच्या वाट्याला सकाळच आली नव्हती. चंद्राच्या हिशेबात चाळीस झाले होते, सूर्याच्या हिशेबात एकोणचाळीस.

"तू गैरहाजिर नव्हतास," दिनकरराव म्हणाले. "दिवसच गैरहाजिर होता."

ते स्वतःच्या बोलण्यावर थोडं हसणार होते. मुंजाजीकडं बघून राहून गेले.

"पाटलाकडून दुसरा दाखला आनतो. एकादशी बी लिव्हून द्या म्हन्तो. देतील."

"एकादशीला शिकवलंस?"

मुंजाजीनं पंचांग पुन्हा त्यांच्याकडं फिरवलं.

"आणि मूळ दाखला इस्फंदारमध्येच आवक झालाय. शिक्का आहे, नंबर आहे. मीच मारलाय." दिनकररावांनी चष्मा काढला. "मी तेव्हाच मोजायला पाहिजे होतं. चाळीस म्हणालास, मी चाळीस धरले. कंटाळा केला मी. दोन महिने तो कागद माझ्या डाव्या हाताशी पडून होता."

बाहेर शिपाई बाकं आत ओढत होता. परीक्षेसाठी ती लांब लांब मांडायची होती.

*

हुजुरात दरखास्त, की मी चाळीस दिवस

हुजुरात दरखास्त, की पंचांगात एक तिथी नसल्याकारणानं

हुजुरात दरखास्त, की मी दररोज

तिसऱ्या अर्जाच्या वेळी दिनकररावांनी मुंजाजीचा हात धरला. "कागद वाया घालवू नको. महाग आहे. चल तोंडी सांगू."

सदरसाहेब, म्हणजे वर्गाचे मुख्य मास्तर, शेजारच्या खोलीत आरामखुर्चीत पडले होते. साठीच्या घरातले. कपाळावर ओला रुमाल. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. दिनकररावांनी क्षय तिथी समजावून सांगितली तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे तुमच्याकडे दिवस मरतोसुद्धा?"

"जी. कधी कधी एक तिथी दोनदासुद्धा येते, साहेब."

"तशी का नाही आली याच्या वेळी?"

"याच्या वेळी नाही आली."

सदरसाहेबांनी डोळा मिटला. ते झोपले की विचार करतायत ते कळेना. पंख्याची दोरी ओढणारा शिपाई बाकं मांडायला गेला होता, पंखा तसाच होता.

"उद्या जुम्मा," ते शेवटी म्हणाले. "सुटी. पण परीक्षेच्या तयारीसाठी जादा वर्ग लावायचा मला अख्तियार आहे. जो येईल त्याची हाजिरी. कोण येईल?"

"एकटा हाच येईल, साहेब. बाकीच्यांची पुरी आहे."

"घंटा पाहिजे. मास्तर पाहिजे. सहा तास पुरे पाहिजेत, जादा वर्गाचा कायदाच तसा आहे. मधून उठला तर हाजिरी नाही. मास्तर कोणी यायचा नाही जुम्म्याला." रुमाल त्यांनी उलटा केला. "मुन्शी, सनद आहे ना तुमच्याकडे?"

"आहे, साहेब. एकोणीस वर्षांपूर्वीची."

"मग तुम्ही शिकवा. चूक तुमची आहे."

*

पहिला तास. उर्दू.

सकाळी सातला दिनकररावांनी स्वतः घंटा वाजवली. मग स्वतःच वर्गात आले. बाकं परीक्षेसाठी लांब लांब मांडलेली, चाळीस बाकांवर चाळीस नंबर खडूनं लिहिलेले. मुंजाजी दाराजवळच्या बाकावर बसला होता.

दिनकररावांनी रजिस्टर उघडलं. वरपासून एकेक नाव घेतलं. एकेका नावानंतर थांबले, तितका वेळ जितका थांबायचा असतो. कुणी ओ दिली नाही. एकतिसावं नाव.

"मुंजाजी वल्द सटवाजी."

"हाजिर, जनाब."

"हाजिरी शेवटी लिहीन. सहा तास झाल्यावर." ते फळ्याकडं वळले आणि तसेच उभे राहिले. पाठमोरे. मग म्हणाले, "खडू कुठं असतो रे इथं?"

*

दुसरा तास. भूगोल.

"आपल्या मुलखातल्या नद्या."

"गोदावरी. पूर्णा. दुधना."

"दुधनेबद्दल काय माहिती?"

"कुठं उतार हाय ते ठावं हाय. बाभूळवनाच्या खालून मेंढरं जात्यात, वरून न्हाई. वर गाळ हाय. लोकरीत पानी भरलं की मेंढरू बसतं, मंग उठत न्हाई."

दिनकररावांनी पुस्तकात बघितलं. पुस्तकात दुधना अर्ध्या ओळीत होती. "हे लिहू नको परीक्षेत," ते म्हणाले.

"न्हाई लिव्हत."

*

तिसरा तास. हिसाब.

खिडकीत डोकं दिसलं. कडूबाई. अडीच कोस चालून आलेली, पायांवर धूळ गुडघ्यापर्यंत.

"मुंजा! बाहीर ये."

"आत्या? काय झालं?"

"काय व्हायचंय. तुझ्या बापाच्या पायाला पुन्यांदा फोड आलाय. नारूच हाय. मेंढरं जाळीत हायत सकाळधरनं, वरडायलीत. दुसरं कोन न्हाई. चल."

मुंजाजी उभा राहिला.

दिनकररावांच्या हातात खडू होता. कायदा सदरसाहेबांनी काल ऐकवला होता, पुन्हा ऐकवायची गरज नव्हती.

मुंजाजी बाकाला धरून उभाच राहिला. जायचं म्हटलं असतं तर पाय गेले असते. वर्षभरात पायांनी फक्त जायचंच शिकलं होतं. बसून राहायला जोर लागत होता.

"आत्या, आज न्हाई येता येत मला. संध्याकाळी येतो. आज उठलो तर उद्याची परीक्षा जाती."

"परीक्षा उद्या हाय ना? मंग आज काय करायलास?"

"हाजिरी भरायलोय."

कडूबाईनं खिडकीतून वर्गात बघितलं. एकोणचाळीस रिकामी बाकं. फळ्यावर अर्धी भागाकाराची रेघ. चष्म्याला दोरा बांधलेला माणूस.

"एकट्याचीच?"

"हां."

"आन् ते कोन?"

"मास्तर."

"एक मास्तर, एक पोरगं. आन् मेंढरं दीडशे, त्यास्नी कोन न्हाई. लय चांगलं सरकार हाय." ती दाराला वळसा घालून आत आली आणि मुंजाजीच्या शेजारच्या बाकावर, बत्तीस नंबरवर, धप्पकन बसली. "मी बसते तुझ्या जागी. तू जा."

"बाई, तुमची हाजिरी त्याला चालत नाही," दिनकरराव म्हणाले.

"का? मी दिसायले न्हाई का तुमाला?"

"दिसताय."

"मंग लिव्हा. आत्या हाजिर."

"आत्यांचं नाव रजिस्टरात नाही."

"नाव कडूबाई. घ्या लिव्हून. कोनी अडवलंय?"

दिनकररावांनी काही लिहिलं नाही. पण ते बाईला बाहेर जा असंही म्हणाले नाहीत. शिपाई नव्हता म्हणून स्वतः जाऊन रांजणातून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. ती पाणी प्यायली आणि पाय बाकाखाली पसरले. मुंजाजी हळूहळू खाली बसला.

भागाकार पुढं सुरू झाला. कडूबाई ऐकत होती, म्हणजे डोळे उघडे होते. थोड्या वेळानं म्हणाली, "हे त्या पोरांस्नी शिकवलास तसंच हाय की."

"तेच हाय आत्या."

"मंग तुला येतंय ना हे?"

"येतं."

"येतंय तर बसलास कशाला?"

तास संपला. दिनकरराव घंटा वाजवायला गेले. कडूबाई उठली, ओच्यातून फडक्यात बांधलेली भाकर काढून बाकावर ठेवली.

"मी सोडते मेंढरं," ती म्हणाली. "माझे बी गुडगे ऱ्हायले न्हाईत, पर सोडते. ओढ्यापतोर जातील. पुढं नेणं हुयाचं न्हाई. तू बस. बस आता, एवढा बसलास तर."

ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मुंजाजी तिचे पाय बघत होता.

*

चौथा तास. शिकवण्याची पद्धत.

मुंजाजी झोपला. दिनकररावांनी उठवलं नाही. कायद्यात उठायला बंदी होती, झोपण्याबद्दल काही नव्हतं. ते खुर्चीत बसून पद्धत मोठ्यानं वाचत राहिले. मुलांचं लक्ष वेधून घेण्याचे आठ उपाय. पाचव्या उपायापाशी त्यांचाही आवाज बारीक झाला.

*

पाचवा तास.

"उठ. माझ्या हातून आणखी एक राहिलंय."

फळ्यावर दिनकररावांनी आकडे मांडले होते. मुंजाजीनं डोळे चोळले.

"वर्गाचे दिवस किती?"

"दोनशे."

"आजचा धरून?"

मुंजाजी फळ्याकडं बघत राहिला. मग तो उठला, म्हणजे फळ्यापर्यंत गेला, आणि खडू घेतला. दोनशे एक. त्याचे तीन-चतुर्थांश. त्यानं गुणलं, भागलं. उत्तर खाली लिहिलं: एकशे पन्नास पूर्णांक तीन चतुर्थांश.

"माझे दीडशे," तो म्हणाला. "पाऊण दिस कमी."

"हां."

"आन् पाऊण दिसाची हाजिरी नसती."

"नसते. म्हणजे एकशे एक्कावन्न पाहिजेत."

"मंग अजून एक दिस उघडला वर्ग, तर दोनशे दोन..." त्याचा खडू फळ्यावर थांबला. "मुन्शीजी, हे निघतच जाईल."

दिनकरराव खुर्चीतून उठले. एकोणीस वर्षांत त्यांनी रजिस्टरातला एकही आकडा खोडला नव्हता. खोडायची वेळ येऊ नये म्हणून ते हळू लिहीत. त्यांनी ओला फडका घेतला आणि फळा पुसला. आधी उत्तर, मग भागाकार, मग दोनशे एक. कोपऱ्यातला खडूचा डागसुद्धा पुसला. मग फडका पिळून खिडकीत वाळत घातला.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे परीक्षेला येणार नाही. जादा वर्ग दोनशेत धरत नाहीत. असा कायदा आहे."

"हाय?"

"मी यादी करतो. म्हणजे आहे."

मुंजाजी जागेवर जाऊन बसला. भाकर अर्धी केली. एक अर्धुक दिनकररावांच्या टेबलावर ठेवलं. दोघांनी वर्गात बसून खाल्ली. वर्गात खायला बंदी होती.

*

सहावा तास. अक्षर.

काही झालं नाही. मुंजाजीनं पाटीभर एकच ओळ लिहिली. दिनकररावांनी ती बघितली आणि म्हणाले, "अक्षर इतकं चांगलं काढू नको. दफ्तरात ठेवून घेतील."

घंटा झाली. दिनकररावांनी रजिस्टर ओढलं, टाक बुडवला आणि एकतिसाव्या नावापुढं हाजिर लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघं तिच्याकडं बघत राहिले. बेरजेच्या रकान्यात एकशे पन्नास.

"जा आता. मेंढरं बघ."

"जातो."

तो गेला. रुळांच्या कडेनं, अडीच कोस. कडूबाई ओढ्याकाठी बसली होती, मेंढरं बसली होती, तेरातली नऊ पोरंही बसली होती. त्यानं फटीत बसून मेंढरं जाळीत घेतली. मागचे पाय मोजले. सगळी होती. बापाच्या फुटलेल्या फोडातला नारू काडीला गुंडाळून बोटभर फिरवला. पहाटे उठला आणि परीक्षेला परभणीला गेला.

*

वर्ग सुरू झाला त्या पहिल्या दिवशी, जूनमध्ये, मुंजाजी सकाळी सहालाच येऊन पायरीवर बसला होता. हाजिरीचं रजिस्टर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आलं. त्या पहिल्या दिवसाची हाजिरी कुठं लिहिलीच गेली नाही.